उसनं आणलेलं खरं हसू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द वरचेवर भेटतो : संशयकल्लोळ. दोन मित्रपक्षांचं बिनसलं, की संशयकल्लोळ. एखाद्या निविदेवरून महापालिकेत कुजबूज सुरू झाली, की संशयकल्लोळ. हा शब्द लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दर वेळी गोविंद बल्लाळ देवल आठवतात असं नाही. नाटकाचं नाव नाटकातून सुटलं आणि भाषेत येऊन राहिलं. नाटककाराला याहून मोठं बक्षीस ते कोणतं?

गंमत अशी, की हे नाटक मुळात आपलं नाही. देवलांनी ते १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावानं गद्यात लिहिलं, ते आर्थर मर्फी या नाटककाराच्या १७६१ सालच्या ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी नाटकावरून. मर्फीनं आपली मूळ कल्पना घेतली होती मोलिएरच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या छोट्याशा फ्रेंच प्रहसनातून. पुढे देवलांच्या नाटकात पदं आली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल वारले.

पॅरिसहून लंडन आणि लंडनहून महाराष्ट्र असा या तसबिरीचा प्रवास. पण बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये हे नाटक लागलं आणि फाल्गुनराव आपल्या बायकोच्या हातातल्या तसबिरीकडे डोळे वटारून बघू लागला, तर हसणाऱ्याला यातलं काहीएक ठाऊक असावं लागत नाही. फाल्गुनराव त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत असतो.

मग हे नाटक कोणाचं? देवलांचं, मर्फीचं की मोलिएरचं? आपल्याकडे ‘स्वतंत्र’ नाटकाला मान असतो आणि रूपांतराचं नाव निघालं की आवाज जरा खाली येतो. जणू शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली आणि तिचा शिरा करून आपला म्हणून वाढला. हा वाद आपण सुरू केलेला नाही. तो सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी रोममध्ये, भर रंगमंचावरून, प्रेक्षकांना पंच मानून लढला गेला आहे. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

रोमन लोक लढाईत पटाईत, रस्ते बांधण्यात पटाईत, कायद्यात पटाईत. नाटक मात्र त्यांनी ग्रीकांकडून घेतलं. तसे त्यांचे स्वतःचे गावठी खेळ होते. आपल्याकडे दशावतार आणि तमाशा होता तसे, ठरावीक मुखवट्यांचे, ठरावीक सोंगांचे. पण बांधीव कथानकाचं नाटक लॅटिन भाषेत आलं ते इसवी सनापूर्वी २४० साली. त्या वर्षीच्या रोमच्या उत्सवात लिव्हियस आन्ड्रोनिकस यानं ग्रीक नाटकाचं लॅटिन रूपांतर सादर केलं. हा स्वतः दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक शहरातला. लॅटिन साहित्याचा आरंभ या दिवसापासून धरतात. म्हणजे एका थोर साहित्याची पहिली वीटच उसनी. यात लाजण्यासारखं काही असेल तर आपणही त्यात भागीदार आहोत. आपल्या संगीत नाटकाचा आरंभ १८८० सालच्या ज्या ‘शाकुंतला’पासून आपण मानतो, ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाकडूनच आणलं होतं.

रोमन विनोदी नाटकांचं नावच पडलं ‘पॅलिआटा’, म्हणजे ग्रीक अंगरख्यातली नाटकं. पात्रांची नावं ग्रीक, वेश ग्रीक, गाव बहुधा अथेन्स आणि भाषा लॅटिन. यातले दोन नाटककार आपल्यापर्यंत पोचले : प्लॉटस आणि टेरेन्स. प्लॉटसची वीस नाटकं जवळपास पूर्ण मिळतात, टेरेन्सची सहाच्या सहा.

प्लॉटस हा रंगभूमीच्या धुळीत वाढलेला माणूस. नाटकात कमावलेला पैसा व्यापारात घालवला आणि मग पिठाच्या गिरणीत राबता राबता नाटकं लिहिली, अशी त्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, त्याचं नाव मात्र सांगून जातं. त्यातलं ‘मॅकियस’ हे गावठी खेळातल्या मॅकस या विदूषकावरून आलेलं दिसतं आणि ‘प्लॉटस’चा अर्थ सपाट पायांचा. याची एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या दोन नाटकांच्या नांदीत तो प्रेक्षकांना सरळ सांगून टाकतो, की हे नाटक अमुक ग्रीकानं लिहिलं आणि प्लॉटसनं ते रानटी भाषेत आणलं. ही रानटी भाषा कोणती? तर लॅटिन! ग्रीकांच्या दृष्टीनं ग्रीक नसलेलं सगळंच रानटी. हा पठ्ठ्या त्यांच्याच चष्म्यातून स्वतःकडे बघतो, स्वतःलाच चिमटा काढतो आणि त्याच वाक्यात मूळ लेखकाचं ऋणही फेडतो.

ऋण मान्य केलं, पण म्हणून गुलामी पत्करली नाही. त्याच्या एका नाटकाचं गाव आहे एपिडॉरस, ग्रीसमधलं. नाटक चालू असताना मध्येच कपडेपट सांभाळणारा माणूस रंगमंचावर येतो आणि रोमच्या बाजारपेठेत कोणत्या कोपऱ्यावर कोणता नग भेटेल याची यादी देतो. खोटी शपथ घेणारा कुठे, बढाईखोर कुठे, सावकार कुठे. पॅरिसमध्ये घडणाऱ्या नाटकात कुणी एकदम पुढे येऊन दादरच्या पुलावर कोण भेटतं आणि अंधेरी स्टेशनाबाहेर कोण, हे सांगावं, तसाच हा प्रकार. मूळ ग्रीक नाटकात हे असणं शक्यच नव्हतं.

प्लॉटसनं नेमकं काय बदललं हे शेकडो वर्षं कुणाला ताडून बघता येत नव्हतं, कारण मूळ ग्रीक नाटकं हरवली होती. मेनान्डर हा त्या ग्रीक विनोदकारांचा मुकुटमणी. शंभरावर नाटकं त्यानं लिहिली आणि एकही धड उरलं नाही. मग इजिप्तच्या वाळूनं थोडी दया दाखवली. ऑक्सिरिंकस या जुन्या गावाच्या उकिरड्यांतून पपायरसच्या चिंध्या निघाल्या, आणि १९६८ साली एरिक हँडली या इंग्रज पंडितानं त्यातला एक तुकडा उजेडात आणला. तो मेनान्डरच्या ज्या नाटकाचा होता, त्यावरूनच प्लॉटसनं आपलं ‘बॅकिडीझ’ रचलं होतं. पहिल्यांदाच मूळ आणि रूपांतर शेजारी शेजारी ठेवता आलं.

काय दिसलं? प्लॉटसनं काही प्रवेश गाळले होते, दोन अंकांमधली फट बुजवली होती, साध्या बोलण्याच्या जागी वाद्याच्या साथीनं म्हणायचं पद्य आणलं होतं. प्लॉटसच्या नाटकांचा बराच मोठा भाग बासरीसारख्या जोडवाद्याच्या साथीनं होत असे. थोडक्यात, ग्रीकांच्या गद्यवजा नाटकाचं त्यानं संगीत नाटक केलं होतं! शिवाय त्यानं नावं बदलली. मेनान्डरचा चलाख गुलाम होता सायरस, हे अगदी सर्रास आढळणारं गुलामाचं नाव. प्लॉटसनं त्याला क्रिसॅलस केलं, म्हणजे सोन्या. आणि मग हा सोन्या रंगमंचावर बढाई मारतो, की त्या नेहमीच्या सायरसांची माझ्यापुढे काय किंमत!

आता देवलांकडे बघा. त्यांनीही गद्याला पदांची जोड दिली आणि त्यांनीही नावं बदलली. पुरुषांना महिन्यांची नावं दिली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. स्त्रियांना नक्षत्रांची दिली : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. सगळं पंचांगच रंगमंचावर उतरवलं. मर्फीच्या लंडनमध्ये हे सुचणं शक्य नाही. हे सुचायला भिंतीवर कालनिर्णय किंवा हाताशी दाते पंचांग असलेलं घर लागतं. देवलांनी प्लॉटस वाचला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. परकं नाटक आपल्या माणसांपुढे उभं करायचं ठरवलं, की दोन हजार वर्षांच्या अंतरानंसुद्धा हात त्याच कामांकडे वळतात.

एका हंड्याची गोष्ट तर ग्रीसपासून थेट आचार्य अत्र्यांपर्यंत येते. प्लॉटसच्या ‘ऑल्युलारिया’ नाटकात यूक्लिओ नावाच्या म्हाताऱ्याला घरात पुरलेला सोन्याचा हंडा सापडतो आणि त्याची झोप उडते. हे नाटक मूळ मेनान्डरचंच असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. हा यूक्लिओ किती चिकट? नोकर सांगतात, की झोपताना श्वास वाया जाऊ नये म्हणून तो तोंडाला पिशवी बांधतो. आंघोळीचं पाणी वाहून गेलं तर रडतो. न्हाव्यानं कापलेली नखं गोळा करून घरी आणतो. हंडा चोरीला जातो तेव्हा तो सैरावैरा धावत थेट प्रेक्षकांना विचारू लागतो, की चोर तुमच्यात बसलाय का? सोळाव्या-सतराव्या शतकात हे नाटक युरोपात वाचलं जात होतं. मोलिएरनं १६६८ साली त्यावरून ‘लाव्हार’ लिहिलं आणि प्रेक्षकांत चोर शोधण्याची ही जागा जपून ठेवली. पुढे अत्र्यांनी मोलिएरवरून मराठीत ‘कवडीचुंबक’ आणलं. नाव पाहा. कवडीलासुद्धा लोहचुंबकासारखा चिकटणारा. मोलिएरच्या नाटकाचं नाव नुसतं ‘कंजूष’ आहे, अत्र्यांच्या नावात त्या कंजुषाचं चित्रच आहे.

या नाटकातला एक प्रसंग भाषेच्या दृष्टीनं मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तरुण नायक म्हाताऱ्याकडे येऊन आपल्या अपराधाची कबुली देतो. तो बोलत असतो मुलीबद्दल, म्हाताऱ्याला वाटतं हंड्याबद्दल. मी तिला हात लावला, ती आता माझी आहे, असं काहीबाही चालतं आणि दोघांचा पारा चढत जातो. हे लॅटिनमध्ये जमतं, कारण हंड्यासाठीचा शब्द तिथे स्त्रीलिंगी आहे. मोलिएरच्या फ्रेंचमध्येही जमतं, कारण तिथली पेटी स्त्रीलिंगी. इंग्रजीत मुलीला एक सर्वनाम आणि पेटीला दुसरं, त्यामुळे तिथे हा विनोद लंगडतो. आणि मराठीत? पेटीही ‘ती’ आणि मुलगीही ‘ती’. परकं नाटक कधी कधी आपल्या भाषेत अशा आधीच तयार असलेल्या घरात शिरतं.

पण या नाटकात एक काळी जागाही आहे. प्लॉटसच्या नाटकातल्या त्या तरुणानं उत्सवाच्या रात्री दारूच्या नशेत मुलीवर बळजबरी केलेली असते, आणि शेवटी लग्न लावून सगळे मोकळे होतात. रोमन विनोदात हे वारंवार येतं. गुलामाला फटके हा तर तिथला रोजचाच विनोद. मोलिएरनं ती बळजबरी काढून टाकली. त्याचा नायक मुलीच्या प्रेमाखातर तिच्या बापाच्या घरी कारभारी बनून राहतो. रूपांतरकार नावं आणि गावं बदलतो हे खरं, पण कशाला हसायचं आणि कशाला नाही, हेही त्याला ठरवावं लागतं. मला वाटतं, त्याची खरी परीक्षा इथेच होते.

आता टेरेन्स. हा उत्तर आफ्रिकेतून, कार्थेजकडून आलेला गुलाम. एका रोमन सिनेटरच्या घरी वाढला, त्याच मालकानं त्याला शिकवलं आणि मुक्त केलं. इसवी सनापूर्वी १६६ ते १६० या सहा-सात वर्षांत त्यानं सहा नाटकं दिली. त्याच्या भोवती प्रवाद सतत असत. कुणी म्हणे, ही नाटकं याची नव्हेतच, याचे बडे मित्र लिहून देतात. लस्कियस नावाचा एक जुना नाटककार म्हणे, हा दोन ग्रीक नाटकं एकात कालवून दोन्ही बाटवतो. पुढे सरळ चोरीचा आरोप झाला. ‘सासू’ या नावाचं त्याचं नाटक तर पहिल्या खेपेला डोंबाऱ्याच्या दोरीवरच्या कसरतीनं पाडलं, कारण प्रेक्षक तिकडे पांगले. दुसऱ्या खेपेला ग्लॅडिएटरांची झुंज असल्याची आवई उठली आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला ते तडीस गेलं. ज्यांच्या नाटकाच्या वेळी भारत-पाकिस्तान सामना चालू होता, अशा निर्मात्यांना हे दुःख नव्यानं सांगायला नको.

टेरेन्सनं आरोपांना उत्तर दिलं ते नाटकाच्या नांदीतून. होय, मी दोन नाटकं एकत्र केली, माझ्या आधीच्या थोरांनीही हेच केलं. आणि चोरी म्हणाल तर धावता गुलाम, आयतोबा, रागीट म्हातारा ही सोंगं कुणा एकाची आहेत का? आधी कुणीतरी बोललं नाही असं आता बोलण्यासारखं उरलंच नाही, असा त्याचा युक्तिवाद. गंमत म्हणजे नवं काही उरलं नाही हे सांगणारं त्याचं वाक्यच लोकांना इतकं नवं वाटलं, की ते दोन हजार वर्षं टिकलं.

या दोघांची अशी कितीतरी वाक्यं नाटकांतून निसटून लोकांच्या तोंडी बसली. टेरेन्स शाळांत पाठ्यपुस्तक होता, सिसेरोसारखे वक्ते त्याचे दाखले देत, त्यामुळे ही वाक्यं युरोपभर गेली. त्यांतली काही ऐकताना आपल्याला आजीच बोलतेय असं वाटतं. जितकी माणसं तितकी मतं, असं टेरेन्सचं पात्र म्हणतं. आपण म्हणतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. जाणत्याला एक शब्द पुरे, असं तिथे दोघेही म्हणतात. आपल्याकडे शहाण्याला शब्दाचा मार. जिवंत आहोत तोवर आशा आहे, असं तिथे. शीर सलामत तर पगड्या पचास, असं इथे. दोन्हीकडून पंचाईत झालेला माणूस तिथे लांडग्याला कानांनी धरून उभा असतो. आपल्याकडे तेच, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. एका ठिकाणी मात्र आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. ज्याच्याविषयी बोलत होतो तोच दारात आला, तर रोमन माणूस म्हणे, गोष्टीतला लांडगा आला! आपण म्हणतो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. इथे आपली भाषा जास्त प्रेमळ आहे, असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांत गाजलेलं वाक्य टेरेन्सच्या ‘स्वतःलाच शिक्षा करणारा’ या अर्थाच्या नावाच्या नाटकातलं. हे नाटक मेनान्डरवरून घेतलेलं. मी माणूस आहे, आणि माणसाचं जे जे आहे ते मला परकं नाही, असा त्या वाक्याचा आशय. सेनेकानं ते उचललं, फ्रेंच विचारवंत माँतेन्यनं आपल्या ग्रंथालयाच्या तुळईवर लिहून घेतलं, कार्ल मार्क्सनं आपलं आवडतं वचन म्हणून सांगितलं. पण नाटकात ते कोण म्हणतं? क्रेमीज नावाचा भोचक शेजारी! शेजारचा म्हातारा दिवसभर शेतात राबतोय, कारण त्याच्या जाचाला कंटाळून मुलगा परदेशी निघून गेलाय. क्रेमीज चौकशीला जातो. तो म्हातारा वैतागून विचारतो, तुला स्वतःचे उद्योग नाहीत का? त्यावर क्रेमीजचं हे उत्तर. पुढे कळतं, की दुसऱ्याच्या मुलाची चिंता वाहणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या मुलाचा पत्ताच नाही.

म्हणजे जगातलं एक थोर वचन मुळात चाळीतल्या शेजाऱ्याचा बहाणा आहे. घाटकोपरच्या किंवा गिरगावच्या चाळीत ज्याचं बालपण गेलं त्याला हे समजावून सांगायला नको. दार न ठोठावता आत येणारा, काय शिजतंय ते विचारणारा शेजारी त्रास देतो, आणि रात्री दोन वाजता दवाखान्यातही तोच नेतो. तो भोचकपणा आणि ती माणुसकी एकाच माणसात राहतात. हे वाक्य एकेकाळी गुलाम असलेल्या माणसानं लिहिलं, हेही विसरू नये. ज्याला बाजारात वस्तू म्हणून विकता येत होतं, त्यानं मी माणूस आहे असं लॅटिन भाषेत लिहून ठेवलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘अंमलदार’ गोगोलवरून आलं, ‘मोरूची मावशी’ ब्रँडन थॉमसवरून, १९७५ साली आलेली ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉवरून. शॉचं लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी पु. ल. देशपांड्यांना शब्दशः आणता आलंच नसतं. शुद्ध-अशुद्ध भाषेच्या आपल्याकडच्या भिंती कुठे आहेत, त्या कोणाला लागतात, हे कान देऊन ऐकावं लागलं. कथा बाहेरून आली, कान मात्र घरचाच होता.

म्हणून रूपांतराला कमीपणा देणं मला पटत नाही. त्याचबरोबर मूळ लेखकाचं नाव दडपणं त्याहून पटत नाही. प्लॉटसनं ग्रीक लेखकांची नावं नांदीत घेतली नसती, तर त्यांतली काही आज आपल्याला कळलीही नसती. मूळ नाटकं वाळूखाली गेली आणि शतकानुशतकं मेनान्डर जगाला भेटत राहिला तो मुख्यतः या रूपांतरांतून आणि इकडेतिकडे उद्धृत झालेल्या वचनांतून. कर्जदारानंच सावकाराचं नाव जिवंत ठेवलं! प्लॉटसला हे दोन हजार वर्षांपूर्वी एका वाक्यात जमलं. मग आपल्या जाहिरातींत आणि श्रेयनामावलीत मूळ नाटकाच्या नावाला एक ओळ द्यायला काय हरकत आहे? त्यानं रूपांतरकार लहान होत नाही. उलट त्यानं काय मिळवलं ते प्रेक्षकाला दिसतं.

मराठीत ‘उसनं हसू’ म्हणजे ओढूनताणून आणलेलं, खोटं हसू. रंगभूमीवर मात्र हा वाक्प्रचार उलटा पडतो. तिथे गोष्ट उसनी असू शकते, हसू उसनं आणता येत नाही. प्रेक्षक मेनान्डरच्या नावावर हसत नाही, मोलिएरच्याही नाही. फाल्गुनराव ओळखीचा वाटला तरच तो हसतो. १९१६ सालचा फाल्गुनराव अजून ओळखीचा वाटतो, याचं श्रेय देवलांचं. आणि थोडंसं आपल्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचंही.